प्रात्यक्षिकाची मजुरी

गेल्या हिवाळ्यात आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीन दिवसांचा कला व कारागीर महोत्सव भरला होता. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या सपाट करून तिथे मंडप घातले होते आणि प्रत्येक मंडपासमोर ‘प्रात्यक्षिक व विक्री’ अशी पाटी लावलेली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीची २८ मुले घेऊन मी तिथे गेलो.

एका मंडपात बुरूडकाम करणारी पन्नाशीची बाई सूप विणत बसली होती. बांबूची उभी चिरलेली फाक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायची, सुरीचे पाते तिच्या पोटात घालायचे आणि सुरी जागची न हलवता बांबूच मागे ओढत न्यायचा, की पापुद्र्यासारखी पातळ कामटी सुटून येते. मुले उकिडवी बसून बघत होती. एका मुलाने विचारले, “मावशी, एक सूप बनवाले किती वेळ लागते?” ती म्हणाली, “बांबू फोडण्यापासून धरला तर दिवसाले दोन सुपं होतेत, बाबू. लय झाले तर तीन.” तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. तिने हातातले विणकाम खाली ठेवले, दुरडीची किंमत सांगितली, घासाघीस झाली, सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या मंडपात जाऊन आली, आणि परत बसली तेव्हा अर्धवट विणलेल्या कामट्या ढिल्या पडल्या होत्या, म्हणून त्या पहिल्यापासून घट्ट करत बसावे लागले. अर्ध्या तासात असे चार वेळा झाले. मुलांचा धीर सुटला आणि ती पाळण्याकडे निघून गेली.

मी थांबलो आणि त्या बाईला विचारले की इथे बसून काम दाखवण्याचे आयोजक काय देतात. जागेचे भाडे घेत नाहीत, दुपारचे जेवण देतात आणि शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ व प्रमाणपत्र देणार आहेत, असे तिने सांगितले. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र तेव्हापासून वाटत आले आहे की अशा महोत्सवांची सगळी मांडणी एका चुकीच्या समजुतीवर उभी आहे. प्रात्यक्षिक ही विक्रीला जोडलेली फुकटची शोभा आहे, ही ती समजूत. वास्तविक प्रात्यक्षिक हे स्वतंत्र काम आहे. ते शिकवण्याचे काम आहे, आणि जो कारागीर दिवसभर बसून आपले काम लोकांना दाखवतो त्याला त्या दिवसाची मजुरी रोख मिळाली पाहिजे, मग त्याची एक वस्तू विकली जावो अथवा न जावो.

ही मागणी अवास्तव वाटत असेल तर सरकारच्याच एका योजनेकडे पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, टोपल्या-चटया-झाडू करणारे, बाहुल्या व खेळणी करणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण मिळते आणि प्रशिक्षणाच्या काळात त्यांना रोज ५०० रुपये विद्यावेतन दिले जाते. (विणकर या १८ व्यवसायांत नाही, ही आमच्या कोसा म्हणजे तसर रेशीम विणणाऱ्या गावांसाठी लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.) या विद्यावेतनामागचा विचार अगदी योग्य आहे. हातावर पोट असलेला माणूस दिवसभर वर्गात बसला तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते आणि ती भरून दिली पाहिजे. मग शिकायला बसलेल्या कारागिराचा दिवस जर ५०० रुपयांचा असेल, तर शिकवायला बसलेल्या कारागिराचा दिवस शून्य रुपयांचा कसा होतो? आपल्या राज्यात २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी ३१२ रुपये ठरलेली होती. मातीकाम करणाऱ्या मजुराला ती हक्काने मागता येत होती. तीस वर्षांच्या हातखंड्याचे काम चारशे लोकांसमोर करून दाखवणाऱ्या बाईला मात्र मागण्यासारखे काहीच नाही, कारण तिचे त्या दिवसाचे काम आपण काम म्हणून मोजलेलेच नाही.

आणि आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या व जंगलाच्या पट्ट्याला, ही गोष्ट नव्याने समजावून सांगण्याची गरज पडू नये. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजातल्या नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते आणि होळीपर्यंत गावोगावी रात्र-रात्र नाटके चालतात. ही रंगभूमी तिकिटावर चालते. दिवसभर धान बांधून आलेला शेतमजूर संध्याकाळी आपल्या खिशातले पैसे देऊन शामियान्यात बसतो, आणि नट, गायक, तबलजी यांना प्रयोगागणिक ठरलेले पैसे मिळतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आपल्याच घरातल्या माणसाचा सन्मान झाल्यासारखे वाटले, आणि त्या सन्मानाच्या मागे हजारो रात्रींचा असा रोखीचा व्यवहार उभा होता. ‘तुम्ही फुकट नाटक करा, तुमची प्रसिद्धी होईल’ असे या भागातला कोणताही गाव नटाला सांगत नाही. तेच गाव कुंभाराला आणि बुरडाला मात्र बिनदिक्कत सांगते. नटाने रंगमंचावर केलेले काम आपल्याला कला वाटते आणि कुंभाराने मंडपात केलेले काम त्याच्या मालाची जाहिरात वाटते, हा फरक आपण केलेला आहे. कामात तो नाही.

आयोजकांचे नेहमीचे उत्तर असे असते की कारागिराला विक्रीतून मिळतेच की. हे उत्तर मंडपात एक तास बसल्यावर टिकत नाही. मातीने माखलेल्या हातांनी पैसे घेता येत नाहीत. चाक फिरत असताना उठता येत नाही. मागावर धोटा (आडवा धागा नेणारे अवजार) अर्ध्यात सोडून गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवता येत नाही. एकट्या माणसाला यातले एकच काम करता येते, आणि पोटाचा प्रश्न असल्यामुळे तो अर्थातच विक्री निवडतो. म्हणूनच बहुतेक महोत्सवांत दुपारनंतर प्रात्यक्षिके बंद पडलेली दिसतात आणि ‘प्रात्यक्षिक व विक्री’ या पाटीखाली निव्वळ दुकान उरते. त्यात कारागिराचा दोष नाही. एका माणसाकडून दोन माणसांचे काम करून घ्यायचे आणि त्यातल्या एकाचेही पैसे द्यायचे नाहीत, या व्यवस्थेचा तो परिणाम आहे.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे, आणि ती मला त्याच दिवशी कुंभाराच्या मंडपात दिसली. अर्धवट प्रात्यक्षिक कारागिराला नुसते निरुपयोगी नसते. त्याचे त्यात नुकसान होते.

कुंभाराच्या चाकावर मडके दोन मिनिटांत उभे राहते. मातीचा गोळा मधोमध बसतो, अंगठा आत उतरतो, भिंती वर चढतात, दोऱ्याने मडके खालून कापले जाते आणि बघणारे टाळ्या वाजवतात. माझ्यासमोर एका गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच म्हटले, “एवढ्याशा मातीचे ऐंशी रुपये?” त्यांनी जे पाहिले त्यावरून त्यांचा प्रश्न बरोबरच होता. माती कुठून खणून आणली, किती दिवस भिजत घातली, पायांनी किती वेळ तुडवली, त्यातले खडे कसे वेचले, चाकावरून उतरलेले कच्चे मडके आतून गोटा आणि बाहेरून थापी धरून ठोकत-ठोकत कसे पातळ व मोठे केले, ते सावलीत किती दिवस वाळवले, आवा (मडकी भाजायची भट्टी) कसा रचला, त्याला सरपण किती लागले आणि आवा उघडल्यावर किती मडकी तडकलेली निघाली, यातले काहीच त्यांना दिसले नव्हते. मैदानात जाळ करायला परवानगी नव्हती, म्हणून आवा नव्हता. थापटण्याचा आवाज होतो, म्हणून ते काम नव्हते. राहिले काय, तर चाक. सगळ्या कुंभारकामात सर्वांत झटपट दिसणारा भाग तेवढाच लोकांना दाखवला गेला आणि लोक हे काम सोपे आहे अशी खात्री बाळगून घरी गेले. असे प्रात्यक्षिक दाखवण्यापेक्षा न दाखवलेले बरे.

पूर्ण दाखवलेल्या कामाने काय होते, तेही त्याच मैदानात थोडेसे दिसले. एका कोपऱ्यात करवती काठाची कोशाची साडी विणणारे दोघे माग मांडून बसले होते. भंडारा जिल्ह्याची ही साडी प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, तरी आमच्याकडच्या किती शिकलेल्या लोकांना तिचा काठ करवतीच्या दात्यांसारखा का दिसतो हे सांगता येईल? विणकराने मुलांना ते दाखवले. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, एका धोट्याचा आणि दोन्ही काठांचे बाणे दोन वेगळ्या धोट्यांचे. अंगाचा बाणा काठापर्यंत येतो, तिथे काठाच्या बाण्यात अडकतो आणि परत फिरतो. तो काठात शिरत नाही, म्हणून काठाचा रंग निर्भेळ राहतो आणि सांध्यावर दाते उठतात. बाजारात यंत्रमागावरची जी नक्कल मिळते तिच्यात एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, त्यामुळे अंगाचा रंग काठात मिसळतो. हे त्याने दोन कापडांचे तुकडे शेजारी धरून, उलटे करून दाखवले. तीन धोट्यांच्या कामाला वेळ किती जास्त लागतो हे मग कोणाला सांगावे लागले नाही, कारण मुलांच्या डोळ्यांदेखत बोटभर कापड वाढायला जो वेळ गेला तो त्यांनी स्वतः बसून काढला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नंतर घरी आईची साडी उलटी करून बघितली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितले की ती करवती नाही. त्या मुलीला आयुष्यात कोणी खोटी साडी खरी म्हणून विकू शकणार नाही. हा विणकर पाऊण तास मुलांशी बोलू शकला, त्याचे कारण साधे होते. विक्रीसाठी त्याचा भाऊ वेगळा बसला होता. त्या भावाचा दिवस अर्थातच त्यांच्या घरातून गेला.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. कारागिराने ‘पारंपरिक’ दिसावे असा आग्रह आयोजक धरतात. कुंभाराकडे घरी विजेवर चालणारे चाक असते, पण महोत्सवात त्याला काठीने फिरवायचे चाक आणायला सांगतात. डोक्याला पागोटे बांधायला सांगतात. तसर पिकवणाऱ्या प्रदेशांत कोशापासून सूत काढण्याची जुनी रीत अशी होती की बाया उघड्या मांडीवर हाताने सूत वळत, आणि वर्षानुवर्षे ते करून मांडीची कातडी सोलवटून निघे. ‘बुनियाद’ नावाचे सूत काढण्याचे यंत्र आले ते या हालातून सुटका करण्यासाठी. हे यंत्र मंडपात शोभत नाही म्हणून ते मागे झाकून ठेवायचे आणि बाईला पुन्हा मांडीवर सूत वळायला बसवायचे, असे कोणी करत असेल तर तो कलेचा सन्मान नाही. कारागीर आज ज्या अवजाराने पोट भरतो ते अवजार त्याला अभिमानाने मांडू द्यावे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे वाढवणाऱ्या ढिवर कुटुंबापासून मागावरच्या विणकरापर्यंतची सगळी साखळी जशी आज आहे तशी दिसली पाहिजे. जुनी रीत दाखवायची असेल तर ती जुनी म्हणून दाखवावी आणि ती का सोडली हेही सांगावे.

हे सारे विचार या मातीला नवे नाहीत. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे काम जोमाने सुरू झाले, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा सांगत की वस्तू विकत घेणारा माणूस ती वस्तू कोणत्या परिस्थितीत तयार झाली याच्या जबाबदारीतही वाटेकरी होतो. ही जबाबदारी ग्राहकाला कळणार कशी, या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर म्हणजे त्याच्यासमोर वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार होऊ देणे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले तेव्हा चित्रकार नंदलाल बसूंनी तिथली नगररचना बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून उभी केली होती. आम्ही गेलो त्या महोत्सवात लोखंडी नळ्या आणि रंगीत कापड यांचा मंडप कंत्राटदाराने शहरातून आणला होता आणि त्या मंडपाखाली तट्टे विणणारे बुरूड बसले होते. मंडपाचे काम त्यांनाच दिले असते तर तेच आठवडाभराचे, मजुरीचे, सर्वांना दिसणारे प्रात्यक्षिक झाले असते.

शिक्षक म्हणून मला १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेली शिक्षण परिषद आठवल्याशिवाय राहत नाही. हस्तोद्योगातून शिक्षण, ही नयी तालीमची कल्पना तिथून पुढे आली, आणि त्यात गांधीजींचा आग्रह असा होता की मुलाला प्रत्येक क्रिया नुसती करायला न शिकवता तिच्यामागचे कारणही शिकवावे. सूप एका बाजूने उघडे का, विणताना कामटीची पाठ कोणत्या बाजूला ठेवायची, माठातले पाणी थंड का होते आणि रंग दिलेल्या माठात ते तेवढे थंड का होत नाही, हे विज्ञानाच्या तासाचे प्रश्न आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकावे असे म्हटले आहे. धोरणाने कुंभाराचे नाव घेतले, हे चांगलेच झाले. परंतु दहा दिवस मुले कुंभाराच्या अंगणात बसली तर त्याची दहा दिवसांची कमाई कोण भरून देणार, हा प्रश्न त्याच पानावर सुटायला हवा. नाहीतर शाळाही महोत्सवाचीच रीत उचलतील आणि कुंभाराला पंधरा ऑगस्टला गुलाबाचे फूल देतील.

पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे. बारा कारागीर, प्रत्येकाबरोबर विक्रीसाठी एक सोबती, तीन दिवस, आणि माणशी रोज ५०० रुपये धरले तर एकूण ३६,००० रुपये होतात. तालुक्याच्या गावी मंच, ध्वनिव्यवस्था, रोषणाई, पाहुण्यांचे हार-तुरे आणि फलक यांवर होणारा खर्च ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही रक्कम मोठी वाटणार नाही. कारागिराची मजुरी ही उरलेल्या पैशातून द्यायची गोष्ट नसून अंदाजपत्रकातली पहिली ओळ असली पाहिजे. तिच्यानंतर जे उरेल त्यात मंच बांधावा. त्या महोत्सवात पितळेची भांडी घडवणारा एक कारागीर मंचाच्या शेजारीच बसवला होता आणि भाषणे सुरू झाली की त्याला ठोके बंद ठेवायला सांगत. दुपारी दोन तास तो हातोडी मांडीवर ठेवून भाषणे ऐकत होता. लोक ज्याला बघायला आले होते त्याला थांबवून जे बघायला कोणी आले नव्हते ते चालू ठेवले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

कारागीर कमी बोलवावेत, असेही मला वाटते. चाळीस मंडपांत चाळीस अर्धवट कामे मांडण्यापेक्षा सहा कामे पहिल्या क्रियेपासून शेवटच्या क्रियेपर्यंत दाखवावीत. एक दिवस मातीचा ठेवला तर आवा गावाबाहेर सुरक्षित जागी आदल्या रात्री पेटवता येतो आणि सकाळी लोकांसमोर उघडता येतो. तडकलेली मडकीही लोकांनी बघावीत. बुरूडकामासाठी मुलांना बांबूचे आणि सुरीचे काम हाताळू द्यावे, निदान कामट्या विणून बघू द्याव्यात, म्हणजे तासाभरात त्यांची बोटे त्यांना सगळे सांगतील. आणि नवा महोत्सव काढण्याआधी आपल्याजवळ काय आहे तेही बघावे. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, माहेरवाशिणी आलेल्या असतात, रात्री दंडार हे लोकनाट्य असते, दुकाने लागतात आणि शेजारच्या गावांची माणसे लोटतात. गर्दी गोळा करण्याचा कसलाही खर्च त्यात नाही. गावातल्याच एका कारागिराला दिवसाची मजुरी देऊन चावडीसमोर बसवणे कोणत्याही ग्रामपंचायतीला किंवा मंडई समितीला परवडेल.

आमच्या गावच्या मंडई समितीपुढे मी हे मांडले आहे. दोन माणसांची एका दिवसाची मजुरी द्यायला समिती तयार झाली, आणि त्या बुरूड बाईला निरोप गेला तेव्हा तिने मजुरीबद्दल एक शब्दही न विचारता बांबूबद्दल विचारले. वाळलेल्या बांबूची कामटी नीट निघत नाही, ती मध्येच तुटते; बांबू हिरवा आणि लांब पेरांचा हवा, आणि तो दोन-तीन दिवसांपेक्षा आधी तोडलेला चालत नाही. दिवाळीच्या दिवसांत तसा बांबू आणून देणारा माणूस मिळत नाही. म्हणून समितीने बांबू आणण्याचे काम आत्ताच कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे, असे तिचे म्हणणे आहे.